खंडेनवमीची अकरा शून्यं

रूपाली घोणेने सगळ्या नोकरीत एकच खोटं लिहिलं. वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रकान्यात. अकरा वर्षं. तेही इतक्या स्वच्छ अक्षरात, की पुढे यंत्राने ते पहिल्या फटक्यात वाचलं आणि खरं मानलं.

ती इंद्रावळीच्या पाणीपुरवठ्यात फिल्टर ऑपरेटर. साडेचार लाखांचं शहर, शिरवंती नदीच्या काठी. नदीच्या वरच्या अंगाला रसायनांचे चौऱ्याऐंशी कारखाने. नदीत काय सोडायचं ते कारखान्यांनी ठरवायचं आणि ते काढायचं कसं ते खालच्यांनी बघायचं, असा आपल्याकडचा न्याय. इंद्रावळीत हे बघायचं काम आठ बेडांकडे होतं. बेड म्हणजे दुमजली घराएवढी पोलादी टाकी, गळ्यापर्यंत कोळशाने भरलेली.

हा कोळसा चुलीतला नव्हे. नारळाच्या करवंट्या हवा लागू न देता भाजायच्या, मग तापलेल्या वाफेने आतून पोखरायच्या. दाणा बाजरीएवढा, पण आत वारूळ. एक ग्रॅम कोळशाच्या आतल्या भिंती उलगडून जमिनीवर पसरल्या तर दहा गुंठे झाकतील. मूठभर घेतला तर पाच एकर. पाणी त्या बोळांतून जातं आणि त्यातली घाण भिंतींना चिकटते. म्हणजे कोळसा घाण संपवत नाही, धरून ठेवतो. हे विसरलं की माणसं मरतात.

यातली सगळ्यात वाईट घाण म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यांत, पाणी न शिरणाऱ्या कापडांत आणि आग विझवायच्या फेसात वापरतात ती रसायनं. ऊन त्यांना मोडत नाही, जंतू खात नाहीत, आणि पोटात गेली की वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात. केंद्रावर त्यांना नुसतं 'चिवट' म्हणत. साधा कोळसा चिवटाने आठ महिन्यांत भरून जायचा. मग तो उपसा, भट्टीत आठशे अंशांवर भाजा, परत भरा.

बारा वर्षांपूर्वी विजेचा कोळसा आला आणि ते दळण संपलं. चिवटाच्या कणावर ऋण भार असतो. कोळशाला अगदी थोडा धन भार दिला की तो चिवटाला ओढून घट्ट धरतो, साध्या कोळशाच्या कितीतरी पट. सहा महिन्यांनी भार उलटा करायचा. कोळसा सगळं ओकतो, ते थोड्या पाण्याबरोबर धुलाईच्या टाकीत घ्यायचं आणि तिथे विजेनेच मोडून टाकायचं. उपसा नाही, भट्टी नाही.

वीज गेली तर काय, असं तेव्हा कुणीतरी विचारलं होतं. कोळसा पुरवणाऱ्या कंपनीने सांगितलं, बोळांतल्या भिंती आपल्या आपण दिवसभर धरून ठेवतील. तरी खबरदारी म्हणून दोन लाइनी आणि बॅटऱ्या बसवल्या. बारा वर्षांत बेडांची वीज कधी गेली नाही.

वर्षातला एक तास सोडून.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं, अवजारं, यंत्रं धुऊन पुसून पुजतात आणि तेवढा वेळ त्यांना विश्रांती देतात. केंद्रावर सकाळी नऊला सगळं थांबायचं. शहराच्या टाक्या आदल्या दिवशी भरलेल्या असायच्या. बेडांचे व्हॉल्व्ह बंद, वीज बंद, तपासणीचं मीटर बंद, त्याच्या पडद्यालाही हळदीकुंकू. नट आवळायचे पाने, चिमटे, पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या, रजिस्टर आणि पेन, सगळं एका पाटावर मांडायचं. वर झेंडूची माळ. त्या दिवशी त्यातल्या कशालाही कामासाठी हात लावायचा नाही. पेनलासुद्धा नाही.

पण रजिस्टरमध्ये त्या दिवसाची ओळ छापलेली होतीच. 'बेड बंद असताना चिवटाची गळती' असा रकाना होता, आणि ओळ मोकळी राहिली तर वरून खुलासा मागवत. म्हणून रूपाली आदल्या दिवशी संध्याकाळीच लिहून ठेवायची. शून्य. नोकरीला लागली तेव्हा मुकादमाने तसंच शिकवलं होतं. कुणाचं काय बिघडत होतं?

त्या मुकादमाने, म्हणजे बापू लोणारीने, आणखी एक रीत लावली होती. पूजेनंतर यंत्रं सुरू केली की तासभराचं पहिलं पाणी देवाचं. ते शहराला जायचं नाही. बेडांच्या मागे एक जुनं हाताने फिरवायचं चाक होतं, ते फिरवून ते पाणी धुलाईच्या टाकीत सोडायचं. त्या चाकाला ना तार ना मीटर. त्याची नोंद कुठेच नव्हती. बापू निवृत्त झाल्यावर ते चाक रूपाली फिरवायची. देवावर तिचा फारसा विश्वास नव्हता, पण बापूवर होता.

एका शनिवारी दुपारी कार्यकारी अभियंता केळुसकरांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. केळुसकर तसा वाईट माणूस नव्हता. हुशार, वेळेवर येणारा, पैशावर हात न मारणारा. फक्त त्याला पाण्यापेक्षा पडदा जास्त खरा वाटायचा. पडद्यावर पारखी होता.

पारखी हे तीन वर्षांपूर्वी आणलेलं भाकीत करणारं यंत्र. केंद्राची जुनी रजिस्टरं वाचून ते शिकलं होतं आणि बेड कधी धुवायचा, पंप किती चालवायचा ते सांगायचं. बहुतेक वेळा बरोबर सांगायचं, हे कबूल करायला हवं. आता पारखीने नवी शिफारस केली होती. रोज सकाळी सात ते अकरा विजेची मागणी शिगेला असते. तेवढे चार तास बेडांची वीज बंद ठेवायची, पाणी मात्र चालूच. कोळसा आपला आपण धरून ठेवेल. पुरावा काय, तर अकरा नोंदी. अकरा वर्षं दरवर्षी एक तास बेड बंद होते आणि गळती शून्य.

आणि पडद्यावर ती अकरा शून्यं आली. पानांचे फोटो. रूपालीच्या हातची, गोल, सारखी, एकाखाली एक.

केळुसकरांनी तिला पुढे बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. अशी नोंद ठेवणारी माणसं असती तर देश कुठे गेला असता, असं काहीतरी म्हणाले. मग त्यांनी खरी बातमी सांगितली. इंद्रावळीच्या नोंदींवर शिकलेला पारखी आणखी सहा शहरांनी घेतला होता. तिथेही विजेचाच कोळसा होता. सातही शहरांत सोमवारी सकाळी सातला एकाच वेळी बेड बंद होणार होते.

रूपाली शाल अंगावर घेऊन उभी राहिली. तोंड उघडायला तिला एक मिनिट मिळालं होतं. तिने ते टाळ्यांत घालवलं.

तिची मुलगी ओवी तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होती. ओवी चोवीस वर्षांची. पारखीला शिकवणाऱ्या तिघांपैकी एक.

घरी आल्यावर ओवी थांबायचं नावच घेईना. वीज बंद असतानाच्या नोंदी पारखीला कुठेच मिळत नव्हत्या, आणि तिलाच अचानक आठवलं की खंडेनवमीला सगळं बंद असतं. लहानपणी आईबरोबर पेढे खायला ती जायचीच ना. तिने जुनी रजिस्टरं शोधली आणि सापडलं. साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यापासून तू सहा शहरांची प्रमुख.

रूपालीने पोळी लाटता लाटता विचारलं की समज, ते आकडे चुकीचे असतील तर.

ओवी हसली. पारखी प्रत्येक नोंद लिहिणाऱ्याला भरवसा देतो, शंभरपैकी, असं तिने सांगितलं. कोण किती वेळा चुकलं, कुणाचे आकडे पुढे खरे निघाले, यावरून. बाकीच्या ऑपरेटरांचा साठ, सत्तर. "तुझा शंभर. मीच तपासून शिक्का मारला. तू कधी चुकत नाहीस ग, आई. यंत्राला पण कळलं ते."

पोळी तव्यावर करपली.

रविवारी सकाळी रूपाली बापूकडे गेली. बापू लोणारी सत्तरीचा, कानाने मंद, जिभेने नाही. लोणारी म्हणजे चुना आणि कोळसा भाजणारी जात. बापूचा आजा जंगलात कोळशाच्या भट्ट्या लावायचा. पाणीपुरवठ्यात कोळसा आला तेव्हा बापू म्हणाला होता, बघा, तीन पिढ्यांनी परत आमच्याच दारात आला.

तो अंगणात लसूण सोलत बसला होता. तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. शून्यं, शाल, सात शहरं. बापूने लसूण खाली ठेवला.

पहिलं पाणी देवाचं ही रीत कुठून आली हे त्याने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. विजेचा कोळसा बसून आठ महिने झाले होते. पहिली खंडेनवमी. पूजा झाली, यंत्रं सुरू झाली, आणि बायकोला तीर्थ म्हणून न्यायला बापूने पहिल्याच पाण्याची बाटली भरली. ती हातात हलवत तो गेटपर्यंत चालत गेला. दहा मिनिटांचा रस्ता. गेटवर बघतो तर बाटलीत साबणासारखा फेस. खाली ठेवली, तरी फेस बसेना. आग विझवायच्या फेसात जे असतं तेच हे, बापूला कळायला वेळ लागला नाही. तो पळत मागे आला आणि चाक फिरवून पाणी टाकीत वळवलं.

"पण दहा मिनिटं गेलं शहराला," बापू म्हणाला. "ती दहा मिनिटं अजून जात नाहीत माझ्या डोक्यातून."

साहेबाला सांगितलं नाही का, असं तिने विचारलं. सांगितलं होतं. तेव्हाचा साहेब दुसरा होता. त्याने बाटलीकडे न बघता विचारलं, बापू, तुमचं शिक्षण किती. चौथी. मग कंपनीच्या डॉक्टरेटवाल्यांना तुम्ही शिकवणार का. फेस साबणाचा असेल, बाटली नीट धुवा.

"मग मी पुढच्या वर्षी सांगितलं, पहिलं पाणी देवाचं. तोच साहेब, हात जोडून हो म्हणाला." बापूने पुन्हा लसूण हातात घेतला. "साहेबाला देव कळतो, रूपे. मुकादम कळत नाही."

नदीत न सोडता टाकीत का, हेही तिने विचारलं. कारण नदीच्या खाली वडगावला बापूची बहीण दिली होती. इतकं सोपं.

भिंती दिवसभर धरतील असं कंपनी का म्हणाली, याचं उत्तरही बापूकडे होतं आणि ते कुठल्याही डॉक्टरेटपेक्षा सरळ होतं. त्यांनी प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यावर बघितलं. शिरवंतीच्या पाण्यात कुजलेला पाला, मळी, गाळ. त्याने बोळं आठ महिन्यांतच बुजतात. मग आत जागाच नाही. चिवट बसतं वरवर, दाराशी, नुसत्या विजेच्या धाकावर. वीज गेली की धाक गेला. पाच मिनिटांत सगळं बाहेर.

ती म्हणाली की हे बोलायचं तर शून्यं खोटी आहेत हे आधी बोलावं लागेल. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. आणि शिकवलं कुणी म्हणतील तेव्हा तुमचं नाव येईल.

"माझं नाव खुशाल सांग. मला आता कामावरून कोण काढणार? वरचा काढेल तेव्हा काढेल." मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "मी एकदा भ्यालो म्हणून देवाच्या आड लपलो. तू कुणाच्या आड लपणार? तुझ्याकडे तर शाल आहे."

ओवीला तिने दुपारीच सांगितलं. जेवण झाल्यावर, ताटं उचलायच्या आधी.

 ओवीने ताटातल्या मिठाचा ढीग बोटाने सपाट केला. मग विचारलं की शनिवारी का नाही सांगितलं.  टाळ्या चालू होत्या, हे काय उत्तर झालं?

"मी त्याला सांगितलं की ही बाई खोटं लिहीत नाही," ओवी म्हणाली. "माझ्या आयुष्यात मला एवढी एकच गोष्ट तपासायची गरज वाटली नव्हती."

ती उठून आतल्या खोलीत गेली. अर्ध्या तासाने बाहेर आली तेव्हा तिचा आवाज कामाचा झाला होता. उपाय आहे, म्हणाली. ती अकरा ओळी आपल्या पारखीतून काढून टाकेल. फोटो वाचताना गडबड झाली, एवढं कारण पुरतं. पुरावा गेला की शिफारस आपोआप जाते. कुणाला काही कळणार नाही. तुझी नोकरी राहील, माझी बढती राहील.

रूपालीला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की तिला स्वतःची किळस आली. मग तिने विचारलं, बाकीच्या सहा शहरांचं काय. त्यांच्यातूनही ओळी काढता येतात का?

येत नव्हत्या. त्या शहरांकडे शिकलेला पारखी गेला होता, पानं नाहीत. इथून ओळ काढली तरी तिथे शिकलेलं शिकलेलंच. ते थांबवायला कुणीतरी अधिकाऱ्याने उघडपणे सांगावं लागेल की आमच्या नोंदी खोट्या होत्या.

"मग त्यांच्याकडे बापू आहे का?" रूपाली म्हणाली. "चाक आहे का?"

ओवीने नाही म्हणून मान हलवली.  शेवटी ओवीनेच ताटं उचलली, आणि आईचं ताट आईला उचलू दिलं नाही, यावरून ती आपल्याच बाजूला आहे हे रूपालीने ओळखलं.

सोमवारी सहा वाजता त्या केंद्रावर होत्या. केळुसकर आधीच आले होते, इस्त्रीच्या शर्टात. पडद्यावर सात शहरांची नावं, प्रत्येकासमोर हिरवा दिवा.

रूपालीने शाल घडी घालून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं. आकडे आदल्या दिवशी लिहिले जायचे. मीटर बंद असायचं, नमुना कधी घेतलाच नाही. अकरापैकी एकही शून्य मोजलेलं नाही. पहिलं पाणी टाकीत सोडलं जायचं म्हणून शहर वाचत आलं. हे तिने उभ्या उभ्या, एकदाही न थांबता सांगितलं, कारण थांबली असती तर रडली असती.

केळुसकरांनी ते ऐकलं, पण त्यांच्या कानात शिरलं भलतंच. पारखी आला की ऑपरेटर कमी होतील ही ओरड त्यांना माहीत होती. कुणी शिकवलं हे, युनियनने का, असं त्यांनी विचारलं. मग आवाज चढला. खोट्या नोंदी म्हणजे गुन्हा, तुम्ही स्वतःला अडकवताय, घोणेबाई, घरी जा, विश्रांती घ्या. सात वाजता मंत्रालयातून बघणार आहेत. पूजाबिजेच्या गोष्टींवर सात शहरं थांबत नाहीत.

रूपालीने एकच मागितलं. चार नंबरचा बेड शहरापासून तोडा, पाणी धुलाईच्या टाकीत वळवा, वीज बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. साहेब म्हणाले, वेळ नाही. अजून पन्नास मिनिटं होती.

तेव्हा ओवी आपल्या टेबलाशी गेली. कुणाला काही न विचारता तिने पारखीत आईचं नाव काढलं. भरवसा, शंभर. तिने ते खोडून शून्य लिहिलं आणि कारणाच्या जागी लिहिलं: नोंद करणाऱ्याने स्वतः कबूल केलं. खाली स्वतःचं नाव.

पडद्यावर इंद्रावळीचा हिरवा दिवा विझला. तिथे ओळ आली: शिफारशीला पुरावा नाही. तरीही राबवायची असल्यास अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने राबवावी.

आता गंमत बघा. यंत्राच्या सहीवर साडेचार लाख माणसांना काहीही पाजायला साहेब तयार असतो. स्वतःच्या सहीवर तो स्वतःच्या कुत्र्यालाही पाजत नाही. केळुसकरांनी ती ओळ दोनदा वाचली. खुर्चीत बसले. कपाळ पुसलं. मग म्हणाले, चार नंबर तोडा.

रूपालीने चाक फिरवलं. बापूनंतर दर खंडेनवमीला फिरवलं होतं, पण आज पहिल्यांदा आपण ते का फिरवतोय ते तिला माहीत होतं. ओवीने वीज बंद केली. मीटरला एका वाचनाला चाळीस मिनिटं लागायची, म्हणून मीटरवर न थांबता रूपालीने बाटली हातात घेतली. काचेची, स्वच्छ, साबण न लागलेली. रूपालीने ती केळुसकरांच्या देखत तीनदा विसळली.

पहिल्या मिनिटाचं पाणी हलवलं. बुडबुडे आले आणि फुटले. केळुसकरांनी सुस्कारा सोडला. दुसऱ्या मिनिटाचं, तसंच. तिसऱ्या मिनिटाला रूपालीला वाटलं, बापू म्हातारा झालाय. साबणच असेल. आणि मी फुकट मेले.

सहाव्या मिनिटाची बाटली तिने हलवली आणि पाण्यावर दोन बोटं जाडीचा पांढरा थर उभा राहिला. तिने ती टेबलावर ठेवली. सगळे बघत राहिले. फेस बसेना.

केळुसकरांनी बाटली उचलून उजेडात धरली. त्यातलंच पाणी मीटरला लावलं होतं, पण आकडा यायला चाळीस मिनिटं होती, आणि तो आला तेव्हा परवानगीच्या मर्यादेच्या तीनशे पट निघाला. पण केळुसकर त्याच्यासाठी थांबले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. त्यांनी फोन उचलला आणि एकेका शहराला सांगितलं: बेड बंद करू नका. आमच्या नोंदी खोट्या आहेत. हो, माझ्या नावावर लिहून घ्या. पहिल्या फोनला त्यांचा आवाज कापला. पाचव्याला कापत नव्हता.

एक शहर उचलत नव्हतं. ओवी नंबरामागून नंबर लावत राहिली. साडेसहा. पावणेसात. सातला सात मिनिटं असताना तिथल्या पंपावरच्या एका ऑपरेटरने घेतला. रूपालीने ओवीच्या हातून फोन काढून घेतला आणि त्याला ऑपरेटरच्या भाषेत सांगितलं की बेडाची वीज तोडलीस तर पुढची बारा वर्षं झोप लागणार नाही, माझ्या ओळखीत एक म्हातारा आहे, त्याला विचार.  तो माणूस म्हणाला, "ताई, मला पण ते खरं वाटत नव्हतं. पण मला कोण विचारतं?"

पडद्यावर शेवटचा हिरवा दिवा विझला. सात वाजले. इंद्रावळीत नळ आले. बायकांनी हंडे भरले, कुणी दूध-पावडर कालवली, कुणी गुळण्या केल्या. त्या सकाळी सात शहरांत काहीही घडलं नाही. असल्या गोष्टींची पेपरात बातमी येत नाही, पुतळे उभे राहत नाहीत.

रूपाली बेडांच्या मागे जाऊन चाकाशेजारच्या कठड्यावर बसली.  ओवी आली, शेजारी बसली. दोघींच्या मागे आठ बेड घुमत होते, तोच रोजचा आवाज, आणि तो ऐकताना रूपालीला कितीतरी वर्षांनी पोटभर श्वास घेता आला.

चौकशी झाली. व्हायलाच हवी होती. रूपालीला सहा महिने निलंबन आणि एक पगारवाढ बंद. ज्या साहेबाने बापूला बाटली धुवायला सांगितलं होतं तो मोठ्या हुद्द्यावरून सुखाने निवृत्त झालेला होता, त्याला कुणी काही विचारलं नाही. ओवीची बढती गेली, मग दोन महिन्यांनी परत आली, कारण सहा शहरांना आता खोटं पकडणारं माणूस हवं होतं. कंपनीने माहितीपत्रकात एक ओळ बदलली. बारीक अक्षरात.

निलंबन संपवून रूपाली कामावर आली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात खंडेनवमी होती. झेंडू आला, पेढे आले. बेडांना माळा घातल्या, पण चालू बेडांना. वीज कुणी तोडली नाही. पाटावर पाने, चिमटे, जुन्या बाटल्या मांडल्या. पेन मात्र मांडलं नाही. ते रूपालीच्या हातात होतं, आणि यावर एका जुन्या माणसाने नाक मुरडलं तेव्हा ओवीने गाडीतून आणलेला बापू त्या माणसाला म्हणाला, "पेनाला काम करू दे. तीच त्याची पूजा. आणि पटत नसेल तर आधी घरी जाऊन बायकोची चूल बंद ठेव."

पावणेदहाला रूपालीने नमुना घेतला, मीटर वाचलं आणि रकान्यात आकडा लिहिला. शून्य नव्हतं. शून्याच्या पुढे टिंब, मग दोन अंक. परवानगीच्या आत, पण शून्य नाही. खरं पाणी शून्य नसतंच. अकरा वर्षांत हे एकाही साहेबाला खटकलं नव्हतं.

बापूने बाटली मागून घेतली. कानाशी नेऊन हलवली, जणू ऐकू येणार होतं. बुडबुडे उठले आणि झटकन फुटले. त्याने ती तोंडाला लावली आणि अर्धी संपवली. उरलेली रूपालीकडे दिली.

ओवी आपल्या पडद्याशी होती. तिने आईला हाक मारून दाखवलं. पारखीत रूपाली घोणे, भरवसा, दोन.

रूपालीने विचारलं की परत शंभर व्हायला किती दिवस लागतील. ओवीने हिशेब केला. पहिले गुण लवकर मिळतात, पुढचे हळूहळू. रोज एक खरी नोंद, मीटरशी जुळलेली, असं धरलं तर सहा वर्षं.

"माझी नोकरी तीनच वर्षं राहिलीय."

"मग रोज दोनदा लिही," ओवी म्हणाली आणि पेढ्याचा अर्धा तुकडा तिच्या तोंडात कोंबला.